विकृतिशास्त्राची वाट : वैद्यकीय पदवीधराची निवड आणि अध्यापनाच्या सुधारणेच्या दिशा

बीजसंज्ञा : विकृतिशास्त्र, वैद्यकीय शिक्षण, रोगनिदान, पदव्युत्तर प्रशिक्षण, मूल्यमापन, सिकलसेल

१. प्रस्तावना

रुग्णालयात गेलेल्या रुग्णाला आपल्याला तपासणारा डॉक्टर ठाऊक असतो, शस्त्रक्रिया करणारा सर्जन ठाऊक असतो. परंतु आपल्या शरीरातून काढलेल्या गाठीचे पुढे काय झाले आणि ती साधी की कर्करोगाची हे कोणी ठरविले, याची त्याला बहुधा कल्पना नसते. तो निर्णय विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजेच बोलीभाषेतील पॅथॉलॉजिस्ट, घेत असतो. रोगाची कारणे, रोगामुळे पेशींत व ऊतींत होणारे बदल आणि त्या बदलांचा रुग्णाच्या लक्षणांशी असलेला संबंध यांचा अभ्यास म्हणजे विकृतिशास्त्र होय. मूलभूत विज्ञाने आणि प्रत्यक्ष रुग्णसेवा यांना जोडणारा हा सेतू आहे.

या शास्त्राविषयी दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. पहिली अशी, की वैद्यकीय पदवीधर या शाखेकडे स्वतःच्या ओढीने क्वचितच येतात. इतर शाखांतील जागा संपल्यावर उरलेली जागा म्हणून अनेक जण ती स्वीकारतात. दुसरी अशी, की पदवी अभ्यासक्रमात हा विषय पाठ केला जातो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हे शास्त्र वस्तुतः तर्काचे आहे. ते शिकविले मात्र जाते ओळखपरेडीसारखे. त्यामुळे विद्यार्थ्याला त्याची गोडी लागत नाही आणि पुढे चिकित्सक झाल्यावर त्याचा उपयोगही नीट करता येत नाही. अन्य विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही हा प्रश्न अपरिचित वाटणार नाही, या अपेक्षेने तो येथे विशद केला आहे.

२. शास्त्राची घडण

इटलीतील पादुआ विद्यापीठातील जोव्हानी बातिस्ता मोर्गान्यी यांनी इ.स. १७६१ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, सुमारे ७०० शवविच्छेदनांवर आधारलेला आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णाच्या हयातीतील लक्षणे आणि मृत्यूनंतर अवयवांत आढळलेले बदल त्यांनी शेजारी शेजारी मांडले. रोगाला शरीरात एक ठिकाण असते, हा विचार त्यातून दृढ झाला. पुढे जर्मनीतील रुडॉल्फ फिर्को यांनी १८५८ साली पेशीय विकृतिशास्त्राचा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला आणि रोगाचे ते ठिकाण अवयवावरून पेशीपर्यंत नेले. विसाव्या शतकात ते रेणूपर्यंत पोहोचले.

महाराष्ट्रात या शास्त्राला दीर्घ परंपरा आहे. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये, तर सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी मुंबईत विकृतिशास्त्राचे अध्यापन केले आणि टाटा स्मारक रुग्णालयातील प्रयोगशाळांची धुरा वाहिली. कर्करोग व कुष्ठरोग यांवरील त्यांच्या संशोधनामुळे भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे ते एक प्रवर्तक मानले जातात.

याच शहरातील डॉ. य. म. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये 'बॉम्बे रक्तगटा'चा शोध प्रसिद्ध केला. नेहमीच्या चाचणीत 'ओ' गटाचे भासणारे, परंतु 'ओ' गटाच्या कोणत्याही रक्ताशी न जुळणारे असे ते रक्त होते. 'ए' आणि 'बी' ही प्रतिजने ज्या 'एच' या पायावर उभी राहतात, तो पायाच या व्यक्तींच्या रक्तपेशींवर नसतो. चाचणीच्या निष्कर्षातील विसंगती 'चुकीचा निकाल' म्हणून बाजूस न सारता तिचे कारण शोधण्याच्या वृत्तीतून हा शोध लागला. विकृतिशास्त्राचा खरा स्वभाव तो हाच.

३. पदवीधराची वाट

भारतात एम.बी.बी.एस. या पदवीसाठी साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता पूर्ण करावी लागते. विकृतिशास्त्र हा विषय दुसऱ्या व्यावसायिक टप्प्यात येतो. पदवीनंतर नीट-पीजी या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेतील गुणानुक्रमाने पदव्युत्तर शाखा मिळते. एम.डी. विकृतिशास्त्राचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून त्यात प्रबंध अनिवार्य असतो. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी. ही समांतर वाटही उपलब्ध आहे. त्यापुढे रक्तविकृतिशास्त्र, कर्करोग-विकृतिशास्त्र यांसारख्या उपशाखांत उच्च प्रशिक्षण घेता येते. अध्यापन, शासकीय रुग्णालय, खाजगी प्रयोगशाळा आणि संशोधनसंस्था अशी कार्यक्षेत्रेही खुली असतात.

तीन वर्षांत निवासी डॉक्टर नेमके काय शिकतो? शस्त्रक्रियेत काढलेला अवयव हातात घेऊन त्याचे मोजमाप करणे, तो कापून योग्य जागेचे तुकडे निवडणे, सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींचे वाचन करणे, सुईने ओढलेल्या पेशींवरून निदान करणे, रक्त व अस्थिमज्जा तपासणे, रक्तपेढीचे काम पाहणे, शवविच्छेदन करणे, आणि अखेरीस, या सर्वांतून निघालेला अर्थ चिकित्सकाला कळेल अशा भाषेत लिहिणे. यांतील शेवटचे कौशल्य सर्वांत कठीण असून त्याचे शिक्षण सर्वांत कमी दिले जाते.

'ही शाखा म्हणजे यंत्राचे काम' हा समज पदवीधरांत रूढ आहे. एका उदाहरणाने त्याचे निराकरण होईल. स्वयंचलित यंत्राने एखाद्या तापाच्या रुग्णाच्या बिंबाणूंची, म्हणजे प्लेटलेट्सची, संख्या धोकादायक रीतीने कमी दाखविली. डेंग्यूच्या दिवसांत असा आकडा पाहून नातेवाईक घाबरतात आणि बिंबाणू चढविण्याची मागणी होते. परंतु काही व्यक्तींच्या रक्तातील बिंबाणू, नळीतील ई.डी.टी.ए. या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या सान्निध्यात एकमेकांना चिकटतात आणि यंत्र त्यांचे पुंजके मोजू शकत नाही. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले म्हणजे पुंजके दिसतात; सायट्रेट असलेल्या नळीत पुन्हा रक्त घेतले असता बहुधा खरी संख्या कळते. आकडा यंत्राने दिला, तरी तो खरा मानावा की नाही हे ठरविणारी व्यक्ती डॉक्टरच असते. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर अर्हता असलेल्या नोंदणीकृत वैद्यकाचीच स्वाक्षरी असावी अशी भूमिका ग्राह्य धरली, तिचे मर्म या जबाबदारीत आहे.

४. काचपट्टीमागील साखळी

विद्यार्थ्याच्या हाती येणारी काचपट्टी तयार, रंगविलेली आणि नाव लावलेली असते. तिच्यामागे मोठी साखळी असते. शरीरातून काढलेली ऊती लगेच कुजू लागते. म्हणून ती विशिष्ट आम्लता राखलेल्या १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, ऊतीच्या सुमारे दहापट द्रवात ठेवावी लागते. नंतर चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने तिच्यातील पाणी काढले जाते, झायलीनने ती पारदर्शक केली जाते आणि मेणाच्या ठोकळ्यात बसविली जाते. सूक्ष्मछेदकाने त्या ठोकळ्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे छेद घेतले जातात आणि हिमॅटॉक्सिलीन व इओसिन या रंगांनी ते रंगविले जातात.

या साखळीतील पहिली कडी विकृतिशास्त्रज्ञाच्या हाती नसते. ती शस्त्रक्रियागृहात असते. मानेतील गाठ दोन महिन्यांपासून वाढलेल्या तरुणाचे उदाहरण घेऊ. आपल्याकडे अशा वेळी क्षयरोग आणि लसिकापेशींचा कर्करोग या दोन्ही शक्यता विचारात घ्याव्या लागतात. काढलेली संपूर्ण गाठ फॉर्मॅलिनमध्ये टाकली, तर क्षयाचे जंतू मरतात आणि त्यांचे संवर्धन करून कोणते औषध लागू पडेल हे पाहण्याची संधी कायमची जाते. संपूर्ण गाठ केवळ सलाइनमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पाठविली, तर पेशींची रचना बिघडते आणि कर्करोगाचे निदान अवघड होते. गाठीचे दोन भाग करून एक सलाइनमध्ये त्वरित सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे आणि दुसरा फॉर्मॅलिनमध्ये विकृतिशास्त्र विभागाकडे पाठविणे, एवढाच उपाय असतो. तो न घडल्यास रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते किंवा अंदाजाने औषधे घ्यावी लागतात.

मूत्रपिंडाच्या बायोप्सीचेही असेच आहे. प्रतिदीप्ती-चाचणीसाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून चालत नाही. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरक-ग्राहकांची चाचणी विश्वसनीय ठरावी म्हणून ऊती ६ ते ७२ तास फॉर्मॅलिनमध्ये असावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. कारण या चाचणीवरच रुग्णेला संप्रेरकविरोधी औषध द्यावयाचे की नाही हे ठरते. मागणीपत्रावर रुग्णाचे वय, गाठीचे स्थान, लक्षणांचा कालावधी आणि आधीचे उपचार लिहिलेले नसतील, तर उत्तम सूक्ष्मदर्शकही अपुरा पडतो. म्हणजे जो विद्यार्थी पुढे कधीही विकृतिशास्त्रज्ञ होणार नाही, त्यालाच या विषयाच्या योग्य शिक्षणाची गरज अधिक आहे.

५. अध्यापनातील उणीव

असे असता वर्गात काय घडते? विद्यार्थी दुसऱ्या टप्प्यात असतो. रुग्णकक्षात त्याने नुकतेच पाऊल ठेवलेले असते. यकृतदाह, फुफ्फुसदाह, हृदयाघात हे शब्द त्याच्यापुढे येतात, पण त्या व्याधींचे रुग्ण त्याने क्वचितच पाहिलेले असतात. प्रात्यक्षिकाच्या तासाला संग्रहालयातील बरण्यांमधले अवयव आणि ठराविक काचपट्ट्या दाखविल्या जातात. परीक्षेत 'स्पॉटर' म्हणून त्याच ठेवल्या जातात. विद्यार्थी बरणीतील अवयवापेक्षा बरणीचा आकार आणि काचपट्टीवरील ओरखडा लक्षात ठेवतो, हा विनोद वैद्यकीय महाविद्यालयांत परिचित आहे. मूल्यमापन ज्याचे होते तेच शिकले जाते, या तत्त्वाचा तो पुरावाही आहे.

वेळेचा प्रश्नही आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या विनियमांत हा टप्पा दीड वर्षाचा होता आणि विकृतिशास्त्राला ३०० तास होते. २०१९ मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, तेव्हा तो टप्पा एका वर्षाचा झाला आणि विषयाचे तास २३० झाले. त्यांपैकी ८० तास व्याख्यानांना आणि १३८ तास लहान गटांतील अध्ययनाला देण्यात आले. व्याख्यानांपेक्षा गटकार्याला अधिक वेळ देण्याचे हे धोरण योग्य दिशेचे आहे. मात्र लहान गट म्हणजे पंचवीस विद्यार्थ्यांपुढे दिलेले छोटे व्याख्यान, असा अर्थ घेतला गेला, तर तासांची संख्या कमी होऊनही पद्धत जुनीच राहील.

६. ओळख आणि तर्क : सिकलसेलचे उदाहरण

दोन पद्धतींतील फरक एका पाठाने स्पष्ट करता येईल. सिकलसेल हा विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत आढळणारा आनुवंशिक रक्तविकार आहे. रूढ पद्धतीत विद्यार्थ्याला कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींची काचपट्टी दाखवितात. तो 'सिकलसेल रक्तक्षय' असे लिहितो आणि गुण मिळवितो.

तर्काच्या पद्धतीत आरंभ रुग्णापासून होतो. गडचिरोलीकडील बारा वर्षांची एक मुलगी हाडे दुखत असल्याची तक्रार घेऊन आली आहे, तिचे डोळे पिवळसर आहेत, अशी स्थिती विद्यार्थ्यांपुढे ठेवावी. डोळे पिवळे का? तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून. त्या का फुटतात? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पेशी ताठर होते. हाडे का दुखतात? ताठर पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवितात म्हणून. विद्राव्यता चाचणी सकारात्मक आली, तर निदान पूर्ण झाले का? नाही, कारण ती वाहक आणि रुग्ण या दोघांतही सकारात्मक येते. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी करावीच लागते. वाहक असलेल्या निरोगी मुलीवर 'रुग्ण' असा शिक्का बसला, तर त्याचे परिणाम तिच्या विवाहापर्यंत पोहोचतात.

पुढचा प्रश्न प्लीहेचा. वारंवारच्या अडथळ्यांनी या आजारात प्लीहा आकसून निकामी होते, असे प्रमाणित पाठ्यपुस्तके सांगतात. प्लीहा निकामी झाली की न्यूमोकोकससारख्या जंतूंचा संसर्ग प्राणघातक ठरतो, म्हणूनच बालवयात लस आणि पेनिसिलिन यांना महत्त्व आहे. परंतु आपल्या मुलीची प्लीहा हाताला लागते. मग निदान चुकले का? पाठ करणारा विद्यार्थी येथे अडतो. तर्क करणारा विचारतो, की पाठ्यपुस्तकातील वर्णन कोणत्या रुग्णांवरून झाले? ते प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरून झाले. भारतात आढळणाऱ्या जनुकीय प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण बहुधा अधिक राहते, त्यामुळे पेशी वाकण्याची क्रिया मंदावते आणि प्लीहा मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहू शकते. तिचे कार्य मात्र तरीही उणे असू शकते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध हेच हिमोग्लोबिन वाढवून उपयोगी पडते.

एका रुग्णापासून निघून विद्यार्थी जीवरसायन, आनुवंशिकी, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र आणि समाजशास्त्र येथपर्यंत जातो. भारतात हा विकार प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत नोंदविला गेला. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि त्यात २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. या अभियानातील चाचण्यांचा अर्थ गावपातळीवर उलगडून सांगणारा डॉक्टर याच वर्गातून जावयाचा आहे.

७. सुधारणेच्या दिशा

अ) नमुन्याचा प्रवास : प्रत्येक विद्यार्थ्याने एका नमुन्याचा शस्त्रक्रियागृहापासून अहवालापर्यंत पाठपुरावा करावा व त्याची टिपणवही ठेवावी. नमुना कोठे थांबला, कोणती माहिती अपुरी होती आणि अहवालाने उपचारात काय बदलले, हे त्याने लिहावे. यासाठी नवीन यंत्रसामग्री लागत नाही.

आ) चिकित्सा-विकृती परिषद : बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिचर्ड कॅबट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत रुजविली. रुग्णाचा वृत्तान्त सर्वांपुढे ठेवावयाचा, निदान करणाऱ्याने आपला विचार उघडपणे मांडावयाचा आणि शेवटी विकृतिशास्त्रज्ञाने ऊतींचा पुरावा दाखवावयाचा. ज्येष्ठ प्राध्यापकाचा अंदाजही येथे चुकू शकतो आणि तो सर्वांसमक्ष तपासला जातो, हे विद्यार्थ्याला दिसणे हेच मोठे शिक्षण आहे. महिन्यातून एक परिषद विद्यार्थ्यांच्या सक्रिय सहभागाने घेणे कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे.

इ) शवविच्छेदनाची पुनःस्थापना : मृत्यूचे कारण शोधण्यासाठी नातेवाइकांच्या संमतीने केली जाणारी रुग्णालयीन शवविच्छेदने जगभर घटली आहेत. संमती मागताना वापरावयाची भाषा, कुटुंबाच्या श्रद्धेचा आदर आणि निष्कर्ष त्यांना समजावून सांगणे यांचे प्रशिक्षण दिले पाहिजे. संपूर्ण विच्छेदन मान्य नसल्यास सुईने अवयवांचे नमुने घेण्याचा मर्यादित पर्यायही ठेवता येतो.

ई) अंकीय काचपट्ट्या : संपूर्ण काचपट्टीची प्रतिमा संगणकावर पाहण्याच्या प्रणालीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१७ मध्ये प्राथमिक निदानासाठी प्रथमच मान्यता दिली. अध्यापनात तिचा लाभ मोठा आहे. दुर्मीळ काचपट्टी सर्वांना एकाच वेळी दाखविता येते आणि ती फुटत नाही. तथापि सूक्ष्मदर्शक जुळविण्याचे व छेदातील दोष ओळखण्याचे कौशल्य पडद्यावर येत नाही. म्हणून अंकीय साधन पूरक राहावे.

उ) मूल्यमापन : स्पॉटरच्या जागी छोटे प्रसंग द्यावेत. रुग्णाचा वृत्तान्त, एक अहवाल आणि त्यावर 'आता पुढे काय कराल व का' असा प्रश्न असावा. मागणीपत्र भरणे, योग्य नळी निवडणे आणि अहवालाचा अर्थ रुग्णाला मराठीत सांगणे ही परीक्षेची अंगे असावीत.

ऊ) पदव्युत्तर प्रशिक्षण : निवासी डॉक्टर हा कनिष्ठ विद्यार्थ्यांचा सर्वांत जवळचा शिक्षक असतो, त्याला अध्यापनाचे प्राथमिक प्रशिक्षण मिळावे. २०२१ च्या तुकडीपासून लागू झालेल्या जिल्हा निवासी कार्यक्रमात पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावयाचे असते. तेथील नमुने कोठे बिघडतात याची त्याने पद्धतशीर नोंद केली, तर महाविद्यालयातील अध्यापनाला वास्तवाचा आधार मिळेल.

या सुधारणांतील अडचणीही मान्य केल्या पाहिजेत. मोठ्या रुग्णालयांतील विभागांवर अहवालांचा भार असतो. अध्यापनाला वेळ उरत नाही आणि पदोन्नतीत त्याचे मोल अल्प असते. प्रसंगाधिष्ठित प्रश्न तयार करणे व तपासणे हे स्पॉटर मांडण्यापेक्षा श्रमाचे काम आहे. त्यामुळे सर्व उपाय एकाच वेळी हाती घेण्यापेक्षा नमुन्याचा प्रवास आणि मूल्यमापन या दोहोंपासून आरंभ करणे व्यवहार्य ठरेल.

८. समारोप

वैद्यकीय पदवीधर एखादी शाखा निवडतो, तेव्हा त्या शाखेचे त्याने विद्यार्थिदशेत पाहिलेले रूप त्याच्या डोळ्यांसमोर असते. ते रूप बरण्यांच्या फडताळाचे असेल, तर तो तेथे नाइलाजाने येईल. एका विसंगत रक्तगटाचा छडा लावणाऱ्यांचे किंवा मानेतील एका गाठीचे दोन भाग योग्य ठिकाणी पाठवून तरुणाचे निदान वाचविणाऱ्यांचे ते रूप असेल, तर काही जण तेथे ओढीने येतील. जे येणार नाहीत, तेही अधिक सजग चिकित्सक होतील. मागणीपत्र पूर्ण भरले जाईल, नमुना योग्य द्रवात पोहोचेल आणि अहवालातील शंका दूरध्वनीवरून विचारली जाईल. वर्गातील सुधारणेचे खरे मोजमाप या साध्या गोष्टींत होईल, कारण त्यांचा लाभ थेट रुग्णाला मिळतो.